एका डोंगरावरची अनेक बिऱ्हाडं

 

आजचा विषय ऐकून काही जणी नाक मुरडतील. आज आपण उंदरांबद्दल बोलणार आहोत. पण कणगीतल्या उंदरांबद्दल कमी आणि रानातल्या उंदरांबद्दल जास्त. आपल्या सह्याद्रीच्या एकाच उतारावर उंदरांच्या आणि खारींच्या पाच-सहा जाती एकत्र राहू शकतात. सगळ्यांना दाणे हवेत, फळं हवीत, किडे हवेत, लपायला जागा हवी. मग त्यांच्यातल्या एकाच जातीने बाकीच्यांना हुसकावून सगळा डोंगर का नाही घेतला? इतक्या जणांचं एका रानात भागतं कसं?

बचत गटाच्या बायकांना याचं काय, असं वाटेल. तीन कारणं सांगते. पहिलं, आपलं धान्य. कोणता उंदीर घरात येतो आणि कोणता कधीच येत नाही, हे कळलं तर मेहनत योग्य जागी लागते. दुसरं, ताप. पानं, सरपण, करवंदं, काजू यांच्यासाठी रानात आपणच जातो, आणि उंदरांशी जोडलेले दोन-तीन ताप आपल्यालाच गाठतात. तिसरं, विष. उंदीर मारायचं औषध घरात आलं की ते फक्त उंदराच्याच पोटात जातं असं नाही. म्हणून हा विषय घेतला.

आधी घराणं ओळखू या

उंदीर, घूस, खार, शेकरू, साळिंदर हे सगळे एकाच घराण्यातले. यांना कुरतडणारे प्राणी म्हणतात. ओळख दातांवरून. पुढे वर दोन आणि खाली दोन असे धारदार दात, आणि ते जन्मभर वाढत राहतात. वाढणारा दात झिजवत राहावा लागतो, म्हणून हे प्राणी सतत काही ना काही कुरतडत असतात.

चिचुंद्री मात्र या घराण्यातली नाही. लांब सोंडेसारखं नाक, बारीक डोळे, उग्र वास. ती उंदरासारखी दिसते, पण तिचं मुख्य खाणं किडे, झुरळं, गांडुळं. धान्याच्या पोत्याला भोक दिसलं तर तो आळ सहसा चिचुंद्रीवर घालू नका.

बाजारातला हिशेब

आता वाटणीचा मुद्दा. आपण गटाचा माल घेऊन आठवडी बाजारात बसतो. एका रांगेत सहा जणी बसल्या आणि सहाही जणींकडे उडदाचेच पापड असले, तर काय होतं? भाव पडतो, आणि जिच्याकडे भांडवल जास्त तीच शेवटी टिकते. पण एकीकडे पापड, दुसरीकडे नाचणीचं सत्त्व, तिसरीकडे रानभाज्या, चौथी सकाळी बसते, पाचवी संध्याकाळी, तर सगळ्यांची चूल पेटते.

रानातही तसंच आहे. दोन जातींना अगदी तीच जागा, तेच खाणं आणि तीच वेळ लागत असेल, तर त्या फार काळ एकत्र टिकत नाहीत. एक मागे पडते. ज्या टिकल्या त्यांनी काहीतरी वेगळं धरलेलं असतं. कुणी जागा वेगळी, कुणी वेळ वेगळी, कुणी खाणं वेगळं. हे कुणी सभा भरवून ठरवलेलं नाही. हजारो वर्षांत ज्याचं अंग ज्या कामाला जमलं, तो तिथे राहिला.

वरचा मजला: दिवसपाळी आणि रात्रपाळी

रानाला आपण चाळीसारखं समजू. सगळ्यात वर झाडांचे शेंडे. तिथे शेकरू, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. भीमाशंकरला गेलेल्यांनी पाहिलं असेल. तांबूस अंग, लांब झुपकेदार शेपूट. तो दिवसा हिंडतो, या झाडावरून त्या झाडावर उड्या मारतो आणि शक्यतो जमिनीवर उतरत नाही. उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांची मोठी घरटी बांधतो. एकट्याची चार-पाच घरटीसुद्धा असतात.

दिवस मावळला की शेकरू घरट्यात जातो आणि त्याच शेंड्यांवर दुसरा भिडू येतो, उडणारी खार. ती खरी उडत नाही. पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा असतो, तो ताणून ती उंच झाडावरून लांबच्या झाडापर्यंत तरंगत जाते. दिवसभर झाडाच्या ढोलीत झोपते. उंबराला फळं लागली की दिवसा शेकरू खातो, रात्री उडणारी खार खाते. झाड एकच, पाळ्या दोन.

आपली नेहमीची पट्ट्यांची खार यांच्यापेक्षा खाली, मधल्या फांद्यांवर आणि जमिनीवर दिसते. एक गंमत करून बघा. घाटाच्या ओल्या रानातल्या खारीच्या पाठीवर साधारण तीन पट्टे असतात, आणि देशावरच्या कोरड्या भागातल्या, शहरांतल्या खारीच्या पाठीवर पाच. म्हणजे खारींनीसुद्धा ओला मुलूख आणि कोरडा मुलूख वाटून घेतलाय.

मधला मजला: फांद्यांवरचे उंदीर

झाडांच्या मधल्या भागात राहतो सह्याद्रीचा रानउंदीर. याच्याबद्दल सातारकरांनी ऐकायलाच हवं, कारण त्याच्या शास्त्रीय नावात सातारा आहे. १९११ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने देशभरातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. त्या पाहणीत सातारा जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर हा उंदीर मिळाला आणि १९१८ साली हिंटन नावाच्या अभ्यासकाने त्याचं वर्णन छापलं. पुढे अनेक वर्षं तो घरातल्या काळ्या उंदराचाच एक प्रकार आहे असं धरलं गेलं. २०११ साली जनुकांची तपासणी झाली तेव्हा स्पष्ट झालं की ही स्वतंत्र जात आहे. तो पश्चिम घाटाच्या जंगलातच सापडतो, दुसरीकडे कुठेही नाही. अंग तपकिरी, पोट पांढरं, शेपूट अंगापेक्षा बरीच लांब. रात्री हिंडतो आणि बराचसा वेळ झाडावर काढतो. आज जगातल्या धोक्यात असलेल्या प्राण्यांच्या यादीत त्याचं नाव आहे.

त्याच झाडावर, पण बारीक डहाळ्यांवर, आणखी एक इटुकला उंदीर असतो. वजन जेमतेम दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन लहान चमचे साखरेएवढं. शेपूट मात्र अंगापेक्षा लांब. त्याच्या पायाची पहिली आणि शेवटची बोटं अशी वळतात की डहाळी मुठीत धरावी तशी तो धरतो, आणि तोल सांभाळायला शेपटीचा वेढा देतो. फळं, कळ्या, कोंब खातो, पानांचं आणि गवताचं छोटं घरटं करतो. रानउंदीर त्याच्यापेक्षा कितीतरी जड. ज्या डहाळीवर हा आरामात चालतो, ती डहाळी रानउंदराच्या वजनाने वाकेल. म्हणजे एकाच झाडावर जाड फांदी एकाची आणि बारीक डहाळी दुसऱ्याची.

खाली कर्नाटक-केरळकडे गेलं की झाडांवर आणखी एक भाडेकरू आहे, पाठीवर काटे आणि शेपटीला ब्रशसारखा झुपका असलेला. तो झाडाच्या ढोलीत राहतो आणि पिकलेली मिरी खातो, म्हणून तिकडे त्याला मिऱ्याचा उंदीर म्हणतात.

ढोल्या, कपारी आणि झुडपं

झाडाच्या बुंध्यातल्या ढोल्या आणि दगडांच्या कपारी इथे पांढऱ्या शेपटीचा उंदीर राहतो. ओळखायला सोपा. शेपटीचा अंगाकडचा भाग काळसर आणि टोकाकडचा पांढरा. रात्री चांदण्यात नुसतं ते पांढरं टोक हलताना दिसतं. फळं, बिया आणि किडेही खातो. जिथे जुनी झाडं आणि मोठे दगड, तिथे हा.

झुडपांमध्ये वेगळंच बिऱ्हाड. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी वॉल्टर इलियट नावाचे ब्रिटिश अधिकारी धारवाडकडे नोकरीला होते. त्या भागाला तेव्हा दक्षिण मराठा मुलूख म्हणत. त्यांनी तिथल्या प्राण्यांची यादी केली आणि १८३९ साली ती छापली. उंदरांची माहिती त्यांना मिळाली ती वडार समाजाच्या माणसांकडून. कोणता उंदीर कुठे बीळ करतो, काय खातो, हे त्या माणसांना तोंडपाठ होतं. झुडपातल्या या उंदराचं शास्त्रीय नावसुद्धा तिथल्याच बोलीतल्या नावावरून आलं आहे.

हा झुडपातला उंदीर काटेरी जाळीत, जमिनीलगत किंवा थोडा वर, सुक्या गवताच्या काड्या विणून गोल घरटं करतो. घरटं साधारण वीतभर. जाळीतून ये-जा करून त्याच्या बारीक पायवाटा पडलेल्या असतात. करवंदीच्या जाळीत हात घालताना कधी अशी गवताची गोळी दिसली असेल, तर ते त्याचं घर असू शकतं. तो झाडावर फारसा चढत नाही आणि खोल बीळही खणत नाही. त्याला जाळी हवी. जाळी तोडली की त्याचं घरच गेलं.

जमिनीवरचे आणि सड्यावरचे

जमिनीत बिळं करणाऱ्यांपैकी एकाची गोष्ट मला फार आवडते. मुरमाड, लाल जमिनीत राहणारा लहानसा उंदीर, पाठीवरचे केस चपटे आणि टोचरे. तो बांधाच्या किंवा दरडीच्या कडेला बीळ करतो आणि आत गेल्यावर तोंडाशी बारीक खडे लावून दार बंद करतो. आतल्या खोलीतही खड्यांचं अंथरूण असतं. इलियट यांनी लिहून ठेवलंय की बिळाबाहेर खड्यांचा ढीग दिसला की उंदीर कुठला ते लगेच ओळखावं. कानडीत त्याला दगडी उंदीर म्हणायचे.

काळ्या जमिनीत आणि शेताच्या कडेला मऊ केसांचा उंदीर असतो. तो फार कष्ट करत नाही. दगडांचे ढीग, दुसऱ्याने सोडलेलं बीळ किंवा उन्हाळ्यात काळ्या रानाला पडलेल्या भेगा, यांतच राहतो. जोराचा पाऊस आला की भेगा बुजतात आणि त्यांतले कितीतरी उंदीर मरतात. १८२६ साली त्या मुलखात सुरुवातीचा पाऊस कमी झाला, भेगा बुजल्या नाहीत आणि हे उंदीर बेसुमार वाढले. पेरलेलं बी उकरून खाल्लं आणि पुढे ज्वारीच्या ताटांवर चढून कणसं तोडली. शेतकऱ्यांनी उंदीर मारायला वडारांना लावलं आणि मोबदला धान्यात दिला, अशी नोंद आहे.

याच मऊ केसांच्या उंदराचा एक भाऊबंद डोंगरावर राहतो. पुण्याजवळच्या सिंहगडावर १९७५ साली मिश्रा आणि धांडा या दोन शास्त्रज्ञांनी त्याची पहिली नोंद केली. सिंहगडाचं जुनं नाव कोंढाणा, म्हणून त्याला कोंढाण्याचा उंदीर हे नाव दिलं. उंच सड्यावरचं गवत आणि झुडपं एवढाच त्याचा मुलूख. तोही आज धोक्यात आहे. सड्यावर चराई, गाड्या, कचरा आणि बांधकाम वाढलं की त्याला खाली उतरून दुसरीकडे राहता येत नाही, कारण खालचा मजला दुसऱ्याचा आहे.

शेपूट सांगते पत्ता

हे ओळखायचं कसं? एक साधी खूण लक्षात ठेवा. ज्याला चढायचं असतं, त्याची शेपूट सहसा अंगापेक्षा लांब. ज्याला बीळ खणायचं असतं, त्याची सहसा अंगापेक्षा आखूड. घुशीची शेपूट बघा, अंगाच्या मानाने आखूड. आढ्यावरून, वायरीवरून धावणाऱ्या घरातल्या काळ्या उंदराची बघा, लांब. हा उंदीरही मुळात चढणाराच. म्हणून तो आपल्या घरात कौलाखाली आणि माळ्यावर राहतो, आणि घूस जोत्याखाली, मोरीजवळ राहते. आपल्या घरातसुद्धा त्यांनी मजले वाटून घेतलेत.

अभ्यासक याची खात्री कशी करतात तेही सांगते. लहान पिंजरे घेतात, आत भाजलेलं खोबरं किंवा शेंगदाण्याचं वाटण ठेवतात. काही पिंजरे जमिनीवर, काही झुडपात, काही फांदीला बांधून. पहाटे जाऊन बघतात. जो सापडला त्याचं वजन करतात, शेपूट मोजतात, खूण करतात आणि तिथेच सोडून देतात. बऱ्याच रात्री हे केलं की चित्र उमटतं. कोणत्या उंचीवरच्या पिंजऱ्यात कोण पुन्हा पुन्हा येतो ते कळतं.

अर्थात मजले म्हणजे सिमेंटच्या भिंती नाहीत. रानउंदीर जमिनीवरही उतरतो. पांढऱ्या शेपटीचा झाडावरही चढतो. पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की खालचे वर सरकतात. मे महिन्यात जांभळं-करवंदं मुबलक असतात तेव्हा सगळे एकाच झाडाखाली दिसतील. भरल्या ताटावर भांडण होत नाही. वाटणी कामाला येते ती टंचाईच्या महिन्यांत, पानगळ झाल्यावर. तेव्हा ज्याला किडे शोधता येतात तो किडे खातो, ज्याला सालीवर आणि कोंबांवर भागवता येतं तो ते खातो, आणि ज्याने बिया साठवल्या तो साठ्यावर जगतो. साठवून विसरलेल्या एखाद्या बीला पावसात कोंबही फुटतो.

एकदम फार खाणं आलं तर काय होतं, याचं मोठं उदाहरण मिझोरामचं आहे. तिथल्या डोंगरांवरचा एक बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदम फुलतो. सगळीकडे बीच बी. ते खाऊन उंदरांची संख्या भराभर वाढते आणि बी संपलं की तेच उंदीर भातशेतीवर तुटून पडतात. १९५९ च्या सुमारास आणि पुन्हा २००६-०७ साली हे घडलं. पहिल्या वेळी तर मोठा दुष्काळ पडला. खाण्याची मर्यादा हीच उंदरांच्या संख्येला लगाम असते, हे त्यावरून दिसतं.

मजले मोडले की कोण येतं?

आता आजच्या बोलण्यातला मुख्य मुद्दा. रानात जितके मजले, तितकी बिऱ्हाडं. आपण रान साफ केलं की मजले मोडतात. वणवा लावला की पालापाचोळा, पडकी लाकडं आणि झुडपं जळतात, म्हणजे तळमजला आणि पहिला मजला गेला. जुनी पोकळ झाडं सरपणाला तोडली की ढोल्या गेल्या. शेंडे एकमेकांना टेकलेले नसले की शेकरूचा रस्ता तुटला.

मग जागा मोकळी राहते का? नाही. तिथे येतो तो ज्याला काहीही चालतं. घरातला काळा उंदीर दाणे खातो, साबण खातो, उष्टं खातो, कौलात राहतो, काजूच्या बागेत राहतो. साधारण तीन आठवड्यांत त्याची मादी पिल्लं घालते आणि वर्षातून अनेकदा घालते. घूस शेताच्या बांधात शिरते आणि लोंब्या ओढून बिळात साठवते. रानातल्या निवडक खाणाऱ्या उंदरांना मोडक्या रानात तग धरता येत नाही, यांना येतो. शिवाय घुबडं, रानमांजरं, उदमांजरं, धामणी यांनाही लपायला झाडी लागते. झाडी गेली की तेही कमी होतात. आपण उंदीर हटवायला म्हणून जाळी जाळतो, आणि नेमके आपलं धान्य खाणारे उंदीर वाढतात.

आपल्याकडच्या देवराया आठवा. तिथे कुणी कोयता चालवत नाही, वाळकं लाकूडही उचलत नाही. म्हणून तिथे उंच झाडं आहेत, वेली आहेत, जाळ्या आहेत, ढोल्या आहेत आणि खाली जाड पाचोळा आहे. सगळे मजले शाबूत. जुन्या माणसांनी देवाच्या नावाने जे राखलं, ते या लहान जिवांच्याही कामी आलं.

रानात जाणाऱ्या बायकांसाठी

उंदरांच्या अंगावर गोचिडी आणि बारीक किडे असतात. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि माणसांना जोराचा ताप आला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा विषाणू शोधला. हाच माकडताप. नाव माकडाचं असलं तरी गोचिडीची पिल्लं रानातल्या लहान उंदरांवर आणि चिचुंद्र्यांवरही वाढतात. २०१६ पासून आपल्या सिंधुदुर्गातही हा ताप आला. अखंड दाट जंगलापेक्षा जंगल, बागा, शेतं यांची सरमिसळ झालेल्या भागात त्याचा धोका जास्त असतो. साधारण डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, म्हणजे पानं, सरपण आणि काजू गोळा करण्याचाच काळ.

म्हणून रानात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, पायात बूट-मोजे असू द्या. पाचोळ्यावर थेट बसू नका. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, अंघोळ करा आणि काख, मान, कंबर, गुडघ्यामागची जागा बघा. एकमेकींची पाठ बघा. माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर गवतातल्या बारीक किड्यांमुळे आणखी एक ताप येतो, स्क्रब टायफस. त्यात बऱ्याचदा अंगावर सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली दिसते, तीही काखेत किंवा कमरेला, झाकल्या जागी. ती डॉक्टरांना दाखवायला लाजू नका. लवकर कळलं तर साध्या गोळ्यांनी हा ताप बरा होतो. आणि भातलावणीच्या चिखलात उंदरांच्या मुतातून लेप्टोचा जंतू येतो. पायाला भेगा किंवा जखमा असतील तर तो तिथून आत शिरतो. तापाबरोबर पोटऱ्या खूप दुखल्या, डोळे लाल झाले, तर घरगुती काढ्यावर दिवस घालवू नका. डॉक्टरांना सांगा की मी चिखलात काम केलं, मी रानात गेले होते. एवढ्या एका वाक्यानेही निदान सोपं होतं.

विषाचं काय?

रानाच्या कडेला विषाच्या गोळ्या टाकू नका. तिथे मरणारा उंदीर बहुतेक वेळा तुमच्या कणगीचा चोर नसतोच. रक्त पातळ करणारी विषं खाऊन अर्धमेला झालेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर तेही मरू शकतं. आणि उंदीर मेला की त्याच्या थंड अंगावरच्या गोचिडी दुसरं अंग शोधायला निघतात.

घरातल्या विषाबद्दल तर कळकळीने सांगते. उंदीर मारायची एक पेस्ट मिळते, तिच्यात पिवळा फॉस्फरस असतो. त्याला नेमका उतारा नाही. पोटात गेल्यावर एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो आणि मग यकृत निकामी होतं. टूथपेस्ट समजून मुलं ती तोंडात घालतात. रागाच्या भरात घेणाऱ्याही असतात. ही पेस्ट घरात आणूच नका. कुणाच्या पोटात गेलीच तर बरं वाटतंय म्हणून थांबू नका, वेष्टन बरोबर घेऊन लगेच मोठ्या दवाखान्यात न्या.

त्यापेक्षा उंदरांचा मजला बंद करा. धान्य पत्र्याच्या झाकणाच्या कोठीत ठेवा. कणगी उंच पायांवर ठेवून प्रत्येक पायाला पत्र्याची उलटी परात बसवा, चढणाऱ्याला तिथून वर जाता येत नाही. कौलाला टेकलेल्या फांद्या छाटा, कारण काळा उंदीर तिथूनच येतो. जोत्यातली भोकं खडी आणि सिमेंटने बुजवा, घूस तिथून येते. रात्रीची खरकटी भांडी उघडी ठेवू नका. गटाच्या पैशातून आठ-दहा पिंजरे घेतले तर ते आळीपाळीने सगळ्या घरांना पुरतात. पिंजरा मात्र एका घरात नाही, सगळ्या आळीत एकाच आठवड्यात लावा, नाहीतर उंदीर या घरातून त्या घरात जातो.

आणि रानाच्या बाबतीत तीन गोष्टी गटाच्या बैठकीत बोला. आपल्या वाटेवरच्या उतारावर यंदा वणवा लागू द्यायचा नाही, त्यासाठी जाळरेषा कोण काढणार? सरपण तोडताना ढोली असलेली जुनी झाडं कोणती सोडायची? शेताच्या बांधावरच्या करवंदीच्या जाळ्यांपैकी निदान काही तशाच ठेवायच्या का? बैठकीच्या वहीत लिहून घ्या, म्हणजे पुढच्या महिन्यात विचारता येईल.

पुढच्या वेळी रानात गेलात की एकदा वर बघा, एकदा जाळीत बघा, एकदा पायाखाली बघा. खड्यांनी दार लावलेलं बीळ दिसलं, गवताची गोळी दिसली, तर हात न लावता मुलांना दाखवा. आणि काय दिसलं ते आम्हाला जरूर कळवा, पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू.

नमस्कार.